दुसऱ्या कोपऱ्यातल्या बाई

सोमवारी सकाळी पावणेदहा वाजता वडसावंगीच्या मराठी प्राथमिक शाळेत टीव्ही सुरू झाला. "चला पोट्टेहो, मांडी घालून बसा," असं सुभद्राचा आवाज म्हणाला. सुभद्रा त्या वेळी शाळेच्या कुंपणाबाहेर हातपंपावर घागर भरत होती.

तिनं दांडा सोडला. घागर अर्धीच भरली होती.

"माह्यापाशी ज्वारीची सात कणसं हायत," आतून आवाज आला. "मावशीनं अजून पाच देल्ली. आता झाली किती? सांगा बरं."

मग थोडा वेळ काहीच नाही. ही जागा मुलांच्या उत्तरासाठी मुद्दाम ठेवलेली होती. दुसरीची मुलं एका सुरात ओरडली, "अकरा!"

"शाब्बास!" आवाज म्हणाला. "आता पुढचं पाहू."

"काय शाब्बास?" सुभद्राच्या तोंडून निघून गेलं. "परत मोजा रे! गंगासागर, तू मोज, मोठ्यानं!"

खिडकीत एक डोकं आलं, मग चार आली, मग गजांच्या मागं जागाच उरली नाही. "बाई आल्या! बाई पंपावर हायत!" टीव्हीतली बाई आत पुढचं गणित विचारत होती. उत्तर द्यायला जागेवर कोणी नव्हतं. तिनं ठरल्या वेळाइतकी वाट पाहिली आणि पुन्हा शाब्बास म्हणाली.

मुख्याध्यापक व्यंकटेश सर बाहेर आले. ते आदिलाबादहून मोटारसायकलवर येत. त्यांची भाषा तेलुगू. मराठी त्यांनी या शाळेत बदली झाल्यावर मुलांकडून उचललेली, आणि अडलं की हिंदी.

"सुभद्रागारू," ते कुंपणापाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "तुमी इथं पानी भरू नका. मतलब, भरा. शाळा सुटल्यावर भरा. पोरं तुमाला बघतात. तिला बघत नाहीत."

"सर, ते अकरा म्हनले."

"ऐकलं मी."

"मंग तुमी काऊन नाई सांगतलं?"

"मी पहिलीच्या पाटीवर अक्षरं काढून देत होतो. मला वाटलं बरोबर हाय." सरांनी पुढं सांगितलं, "ती शाब्बास म्हनली ना."

ते थट्टा करत नव्हते. जे झालं तेच सांगत होते. सुभद्रानं अर्धी घागर कमरेवर घेतली आणि ती घराकडं वळली. खिडकीतून कोणीतरी विचारलं, "बाई, उद्या येता?" सरांनी टाळी वाजवून मुलांना आत घेतलं.

ती टीव्हीतली बाई सुभद्रानंच मागितलेली होती.

वडसावंगी अगदी हद्दीवरचं गाव. नाल्यापलीकडं महाराष्ट्र. गावात मराठी बोलतात, दुकानात हिंदी, मंडळाच्या, म्हणजे तालुक्यासारख्या गावी गेलं की तेलुगू. शाळेला दोन खोल्या. एकीत दुपारच्या जेवणाचा तांदूळ आणि मोडके बाक. दुसरीत पाचही वर्ग. व्यंकटेश सर कायम नोकरीतले, पण महिन्यातले कितीतरी दिवस मीटिंग, माहिती, अंगठ्याची हजेरी आणि फोनवर फोटो पाठवणं यात जायचे. शिकवायची सुभद्रा. डी.एड. झालेली, मानधनावरची स्वयंसेवक शिक्षिका. तिची नेमणूक एप्रिलात संपायची आणि दर जूनमध्ये नवी ऑर्डर यायची. अशा अकरा ऑर्डरी आल्या होत्या. नवरा मोतीराम आदिलाबादच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होता, रविवारी घरी यायचा. घरात ती आणि सासू कौशल्याबाई.

ती खोलीच्या मधोमध उभी राहायची. खिडकीच्या कोपऱ्यात पहिली-दुसरी, दाराच्या कोपऱ्यात तिसरी-चौथी, फळ्याखाली पाचवी. तोंड एका कोपऱ्याकडं आणि कान दुसऱ्याकडं. चौथीला भागाकार सांगता सांगता ती मागं न वळता म्हणायची, "गंगासागर, सोळा कुठून आणले तू? परत मोज." गंगासागर तेव्हा पहिलीतली. तिला बरेच दिवस वाटायचं की बाईंना पाठीमागचंही दिसतं.

मागच्या नोव्हेंबरात, कापूस वेचणीच्या दिवसांत, आदिलाबादच्या एका अध्यापक विद्यालयातल्या प्राध्यापिका सुनयना दोन छात्राध्यापकांना घेऊन शाळेत आल्या. भाग्यलक्ष्मी गुडीहत्नूरकडची, कमी बोलणारी. पंकज शहरातला, कमरेला तीन प्रकारच्या वायरी लटकवलेला.

"याला आम्ही डिझाइन चॅलेंज म्हणतो," सुनयना म्हणाल्या. "स्पर्धा आहे, पण एकट्यानं करायची नाही. दोघादोघांचे गट. गटाला एक शाळा. शाळेतल्या शिक्षकानं आपली एक खरी अडचण सांगायची. पुस्तकातली नाही, रोजची. मग गट आणि तो शिक्षक मिळून तिच्यावर काहीतरी बनवतील. चित्र, आवाज, व्हिडिओ, जे लागेल ते. वर्गात लावून पाहायचं, मोडायचं, परत बनवायचं."

"मोडाचं काऊन?" सुभद्रानं विचारलं.

"पहिल्यांदा बनवलेलं बरोबर निघत नाही म्हणून."

"आमच्या भाकरीवानी," सुभद्रा म्हणाली. मग जरा विचार करून तिनं सांगितलं, "माही अडचन एकच हाय, मॅडम. मी एक हाय. कोपरे तीन हायत. इकडं भागाकार घेतला का तिकडं पहिली-दुसरी माश्या मारत बसते. मी एकाच टायमाले दोन कोपऱ्यात पाह्यजे."

"म्हणजे तुमची झेरॉक्स काढायची," पंकज म्हणाला.

सगळे हसले. सुभद्रा सगळ्यांत जास्त हसली. भाग्यलक्ष्मीनं पिवळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: दुसऱ्या कोपऱ्यातल्या बाई. चिठ्ठी भिंतीला चिकटवली. प्रकल्पाचं नाव तेच राहिलं.

पुढचे काही आठवडे शाळा सुटल्यावर तांदळाच्या खोलीत काम चाललं. आवाज घुमू नये म्हणून कौशल्याबाईंच्या गोधड्या खिडक्यांना टांगल्या. पोत्यांवर स्टूल, स्टुलावर फोन. ज्वारीची कणसं, कापसाची बोंडं, सरकी, बैलाच्या गळ्यातली घंटी, जे गावात मिळालं ते समोर मांडून फोटो काढले. पंकज लॅपटॉपवर जोडकाम करायचा. बोंड उमलून त्यातून आकडा बाहेर येतो, असं त्यानं रात्रभर बसून बनवलं आणि मुलांना ते इतकं आवडलं की गणित कोणी ऐकलंच नाही. ते मोडलं.

भाषेवरून दोघांचं वाजलं.

"मॅडम, 'माह्यापाशी' नका म्हनू," पंकज म्हणाला. "'माझ्याजवळ' म्हना. परीक्षक काय म्हनतील?"

"परीक्षक दुसरीत बसून राह्यले का?" भाग्यलक्ष्मी म्हणाली. "मॅडम वर्गात जसं बोलतात तसंच पाह्यजे. पोराईले आपली बाई वाटली पाह्यजे."

"अन् उद्या पुस्तकात 'माझ्याजवळ' आलं तं?"

"तवा मी सांगीन ना," सुभद्रा म्हणाली. "मी हायच."

त्या दिवसांत तिनं हे वाक्य अनेकदा म्हटलं. प्रश्नानंतर किती वेळ गप्प राहायचं यावर वाद झाला तेव्हाही. पंकजचं म्हणणं होतं की इतकी शांतता ठेवली तर लॅपटॉप बंद पडला असं वाटेल. सुभद्रा म्हणाली, वाटू दे. पहिलं पोरगं लगेच ओरडतं, पण शेवटच्याला वेळ लागतो, त्याच्यासाठी थांबावं लागतं. भाग्यलक्ष्मीनं वर्गात बसून बाई खरंच किती थांबतात ते मोजलं आणि तेवढी जागा प्रत्येक प्रश्नामागं सोडली.

पण त्या जागेनंतर नुसताच पुढचा प्रश्न आला की मुलं एकमेकांकडं पाहायची. उत्तर दिलं, आता काय? म्हणून पंकजनं एक शाब्बास रेकॉर्ड केला आणि तोच सगळीकडं चिकटवला.

"अन् चुकलं तं?" सुभद्रानं विचारलं.

"लॅपटॉपले कसं समजन, मॅडम?"

"मी चुकलं तं शाब्बास नाई म्हनत."

"मग गप्प ठेवू या का?" भाग्यलक्ष्मीनं विचारलं.

सुनयनांनी घड्याळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी प्रवेशिका पाठवायची होती. "तुमचं बरोबर आहे, ताई," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही खोलीत असणारच आहात. चुकलं तर तुमच्या कानावर येईल."

"थेही हाय," सुभद्रा म्हणाली. आणि शाब्बास राहिला.

वर्गात ते खरंच चाललं. तिसरी-चौथीला ती शिकवायची आणि खिडकीच्या कोपऱ्यात लॅपटॉपमधली बाई दुसरीला शिकवायची. कोणी चुकलं की खरी बाई मागं न वळता "परत मोज" म्हणायची. लॅपटॉपमधल्या बाईची चूक त्यामुळं कोणाच्या लक्षात आली नाही. एके दिवशी तांदळाची गाडी आली. सर मीटिंगला गेलेले, म्हणून सुभद्राला बाहेर जाऊन पोती उतरवून घ्यावी लागली. ती परत आली तर दुसरीचा धडा संपला होता आणि मुलं हाताची घडी घालून बसली होती. कोणी उठलं नव्हतं, कोणी कोणाला मारलं नव्हतं.

"मी नव्हते तरी बसले, पंकज!" तिनं फोन करून सांगितलं. "पुरा धडा केला पोट्ट्याईनं!"

पंकजनं ते सादरीकरणात घातलं: शिक्षिका वर्गात नसताना मुलांनी पूर्ण धडा केला.

आदिलाबादच्या सभागृहात जिल्ह्यातले गट आले होते. वडसावंगीच्या गटाचं सादरीकरण जेवणाच्या आधी झालं. सुभद्रा तिसऱ्या रांगेत, लग्नाची साडी नेसून. पडद्यावर तिचा चेहरा भिंतीएवढा दिसला तेव्हा ती खाली पाहू लागली. पुढं बसलेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं हिंदीत विचारलं, "टीचर नहीं है, तो भी चलता है?"

"चलता है, सर," पंकज म्हणाला.

"टीचर आये हैं क्या?"

सुभद्रा उभी राहिली. तिनं तांदळाच्या गाडीची गोष्ट सांगितली. हिंदीत सांगताना ती दोनदा अडखळली, लोक हसले, तीही हसली. टाळ्या पडल्या. गटाला पहिलं बक्षीस मिळालं, शाळेला मोठा टीव्ही आणि तिला शाल. अधिकारी म्हणाले की असे धडे आणखी पाहिजेत, जिल्ह्यातल्या सगळ्या मराठी शाळांसाठी. हिवाळाभर ती, भाग्यलक्ष्मी आणि पंकज तांदळाच्या खोलीत बसून धडे करत राहिले. कामाच्या पैशांबद्दल कोणी काही बोललं नाही आणि तिनंही विचारलं नाही. तिला ते काम आवडत होतं. त्याआधी तिच्याकडून काही शिकून घ्यायला मोठी माणसं कधी आली नव्हती.

"टीव्हीत दिसून राह्यली म्हने सून," कौशल्याबाई शेजारणीला सांगायच्या. "घरात तं दिसत नाई."

जूनमध्ये शाळा उघडली आणि ऑर्डर आली नाही. सुभद्रा पहिल्या दिवशी नेहमीसारखी गेली, झाडलोट करून घेतली, पहिलीत आलेल्या नव्या मुलांची नावं विचारली. आठवड्यानं व्यंकटेश सरांनी तिला बाहेर बोलावलं. त्यांच्या फोनवर तेलुगूतला कागद होता. ते तो वाचून एकेका ओळीचा अर्थ सांगू लागले. ज्या शाळांत डिजिटल धड्यांचा संच आणि टीव्ही आहे तिथं यंदा स्वयंसेवक शिक्षक मंजूर नाही.

"आपल्या शाळेत हाय ना दोन्ही," सर म्हणाले. कागद त्यांनी दुसऱ्यांदा वाचून पाहिला. "मी फोन केला होता. बोलले, रूल हाय. एम चेस्ताम, काय करनार."

"म्हंजे मी उद्या येऊ नाई?"

"आज पन..." सर म्हणाले आणि त्यांनी फोन खिशात ठेवला. "आज दुपारपर्यंत बसा. जेवन झालं की जा."

ती अर्ज घेऊन मंडळ कार्यालयात गेली. तिथल्या साहेबांनी तिला खुर्ची दिली, चपराशाला पाणी आणायला सांगितलं. त्यांना ती ओळखीची होती. शाल देताना ते मंचावर होते.

"आपकी दरखास्त देखी मैंने," ते म्हणाले. "लेकिन बहन, आपकी जगह किसी दूसरे को थोड़ी लिया है. आप ही तो पढ़ा रही हैं. आवाज आपकी, तरीका आपका. फिर शिकायत क्या लिखूँ ऊपर?"

सुभद्रानं काय लिहायचं ते सांगायचा प्रयत्न केला. टीव्हीला ऐकू येत नाही, असं ती म्हणाली. साहेबांनी मान हलवली. ते उर्मट नव्हते. त्यांनी अर्जावर 'पुढील कार्यवाहीसाठी' असं तेलुगूत लिहून शिक्का मारला आणि पोच दिली. बाहेर बाकावर दुसऱ्या गावची एक माजी स्वयंसेवक शिक्षिका बसली होती. तिनं सुभद्राकडं बराच वेळ पाहिलं.

"तुमीच ना त्या, ज्वारीच्या कणसावाल्या?" तिनं विचारलं. "आमच्या शाळेतही लावल्या तुमाले."

सुभद्रा हो म्हणाली. बस एकच होती, त्यामुळं परतीच्या वाटेवर अर्धा रस्ता त्यांना शेजारी बसावं लागलं.

पंपावरच्या त्या सोमवारनंतर चार-पाच दिवसांनी सुनयना आणि भाग्यलक्ष्मी वडसावंगीला आल्या. कौशल्याबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. त्यांनी दोघींना चटई टाकली पण सूप खाली ठेवलं नाही.

"ताई, हे असं व्हावं म्हणून आम्ही केलं नव्हतं," सुनयना म्हणाल्या.

"मले ठाऊक हाय, मॅडम."

"माझ्या बाजूनं मी दोन ठिकाणी पत्रं दिली. प्राचार्यांनाही घेऊन गेले. ते म्हणतात, कॉलेजचं काम धडे बनवण्यापर्यंत. नेमणुका आपल्या हातात नाहीत." त्यांनी पाण्याचा पेला हातातच धरला होता. "एक होऊ शकतं. आवाज तुमचा आहे, चेहरा तुमचा आहे. माझे धडे वापरू नका असं तुम्ही लिहून दिलं, तर ते काढावे लागतील. मी विचारून आलेय."

"मंग दे नं लिवून!" कौशल्याबाई सुपाआडून म्हणाल्या. "वाट कोनाची पाहून राह्यली? आपलं तोंड, आपन झाकावं."

"काढल्यावर मले घेतील?" सुभद्रानं विचारलं.

"ते सांगता येत नाही," सुनयना म्हणाल्या.

"घेतील का नाई, तुमाले काय वाटते?"

सुनयनांनी पेला चटईवर ठेवला. भाग्यलक्ष्मी म्हणाली, "मॅडम, मी यंदा पास झाली. मराठी माध्यमाची एकबी जागा निघाली नाई. मलेच काही समजून नाई राह्यलं." मग तिला रडू आलं. कौशल्याबाईंनी सूप खाली ठेवलं आणि तिला गूळ आणून दिला.

सुभद्रा बराच वेळ ओट्याच्या कडेची माती नखानं उकरत बसली. "सराले वाचता येते मराठी," ती शेवटी म्हणाली. "शिकवता नाई येत. त्याईचा काई गुन्हा नाई. धडे काढले तं खिडकीच्या कोपऱ्यात काय राह्यते? भिंत."

"पण ते चुकीचं शिकवून राह्यलं," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "तुमीच सांगतलं. अकरा."

"थेच म्हनते मी. तेवढा शाब्बास काढा."

"आणि तिथं काय ठेवायचं?"

त्यानंतर तासभर चटईवर पुन्हा तेच काम चाललं जे हिवाळ्यात चालायचं. या वेळी स्पर्धा नव्हती आणि पाठवायची तारीख नव्हती. सुनयनांनी सुचवलं, टीव्हीनं बरोबर उत्तर दाखवावं आणि विचारावं की तुमचंही हेच आलं का. सुभद्रा म्हणाली की सगळी पोरं हो म्हणतील, न मोजलेलीही. भाग्यलक्ष्मीनं सुचवलं, पाटीवर लिहून मग सरांना दाखवायचं. सर बाहेर असले तर, असं सुभद्रानं विचारलं. मग तिनंच सांगितलं की वर्गात वेळ नसला की ती काय करायची: प्रत्येकानं आपली सरकी शेजाऱ्याच्या हातात एकेक करून मोजून द्यायची आणि शेजाऱ्यानं ती परत मोजून घ्यायची. जुळलं नाही की भांडण होतं. भांडणात चूक सापडते.

"टीव्ही भांडण लावू शकते," भाग्यलक्ष्मी म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

"येत्या बुधवारी या, ताई," सुनयना म्हणाल्या. "पंकज येईल. जाण्यायेण्याचं भाडं..."

"राहू द्या," सुभद्रा म्हणाली.

कौशल्याबाईंनी सूप पुन्हा उचललं. "आपल्याच सवतीले नटवाले चालली," त्या तुरीला म्हणाल्या.

बुधवारी सकाळच्या बसनं सुभद्रा आदिलाबादला गेली. कॉलेजच्या एका लहान खोलीत भिंतींना गाद्या लावल्या होत्या. पंकज स्टुलावर कॅमेरा बसवत होता. त्याच्या कमरेला वायरी होत्या, पण तो त्या दिवशी एकही विनोद बोलला नाही. ती आत आल्यावर तो उठून उभा राहिला.

"मॅडम, त्या दिवशी हॉलमध्ये मी 'चलता है' म्हनलो..."

"मीबी उभी राहून सांगतलं ना गाडीचं," सुभद्रा म्हणाली. "माईक कुठी लावाचा?"

तिनं हिवाळ्यातलीच साडी आणली होती, धड्यांशी जुळावी म्हणून. पंकजनं तिला मधल्या खुणेवर उभं केलं. जिथं जिथं शाब्बास होता तिथं नवं वाक्य जायचं होतं: "आता शेजाऱ्याच्या हातात मोजून दे. शेजाऱ्या, तू परत मोजून घे." ते तिनं तीन-चार प्रकारे म्हटलं. हळू, जरा चढ्या आवाजात, जरा रागावून. मग पंकज म्हणाला की या मोजण्याला आधीपेक्षा जास्त वेळ लागेल, तेव्हा गप्प राहण्याची जागाही नवी घ्यावी लागेल. ती कॅमेऱ्याकडं पाहून नुसती उभी राहिली तरी चालेल.

"सुरू," तो म्हणाला.

सुभद्रानं वाक्य म्हटलं आणि ती गप्प झाली. पण ती कॅमेऱ्याकडं पाहत नव्हती. तिनं मान जराशी डावीकडं, खाली वळवली होती. त्या बाजूला गादी होती आणि गादीला टेकवलेली एक मोडकी खुर्ची. तिचे ओठ अगदी थोडे हलत होते. खोलीत पंख्याचाही आवाज नव्हता, तो आधीच बंद केलेला. भाग्यलक्ष्मी दाराशी उभी होती. सुनयना खाली पाहत होत्या.

"झालं, मॅडम," पंकज म्हणाला.

सुभद्रानं त्याच्याकडं न पाहता हात वर केला. "थांब. गंगासागरचं व्हाचं हाय अजून."

पंकजनं रेकॉर्डिंग चालू ठेवलं.

संध्याकाळपर्यंत पहिली-दुसरीच्या गणिताचे सगळे धडे दुरुस्त झाले. रात्री पंकजनं ते जोडून जिल्ह्याकडं पाठवले, सोबत कॉलेजचं पत्र. उत्तरात आपोआप येणारी पोच आली. धड्यांत बदल करायचा तर आधी तो तज्ज्ञ समितीला दाखवावा लागतो, असं सुनयनांना फोनवर कळलं. समिती कधी बसते हे फोन उचलणाऱ्याला माहीत नव्हतं. शाळांमध्ये तोवर जुने धडे चालू ठेवावेत, असं त्यानं सांगितलं.

पुढच्या आठवडी बाजारात व्यंकटेश सर सुभद्राला वांग्यांच्या ढिगापाशी भेटले. त्यांनी आधी तिच्या सासूची तब्येत विचारली, मग मोतीरामची. मग त्यांनी फोन काढला. नवे धडे अजून आलेले नव्हते. पण एक निरोप आला होता आणि तो तिला द्यायला त्यांना सांगितलं होतं. संचात धडे चौथीपर्यंतचेच आहेत. पाचवीची मुलं फळ्याखाली नुसती बसून असतात, सरांनी तसं वर कळवलं होतं. त्यावर विचारणा आली होती की वडसावंगीच्या त्या बाई पाचवीचे धडे कधीपर्यंत करून देऊ शकतील.

"पैसे?" वांगी विकणाऱ्या बाईनंच विचारलं.

"ते लिहिलं नाही," सर म्हणाले. "जागेचं पन लिहिलं नाही. मी विचारलं. फक्त तारीख सांगा बोलले."

सुभद्रानं वांगी पिशवीत घातली. पाचवीतले कोण कोण रोज येतात हे तिनं सरांना विचारलं आणि त्यांनी नावं सांगितली. मग ती घरी गेली. तारीख तिनं अजून कळवलेली नाही.